घोडीचा पुढचा पाय

पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं कॉमिक वाचू नये, असं आमच्या राजुरीत कुणी तोंडावर म्हणत नाही. नुसतं बघतात. सकाळ-संध्याकाळ दूध केंद्रावर फॅट लावायची आणि ज्याची कमी आली त्याची बोलणी खायची, यात डोकं पार शिणून जातं. मग अक्षरांच्या ओळी नको वाटतात, चित्रं तेवढी चालतात. मोबाईलवर जगभरची कॉमिक्स आहेत आणि खरं सांगायचं तर त्यात पूर्वीची मजा नाही. ॲप एकेक चौकट मोठी करून पुढ्यात आणतं, मी ती गिळतो आणि पुढची मागतो. तिसरं कॉमिक संपेपर्यंत पहिलं आठवत नाही.

मजा कशी असते हे ठाऊक नसतं, तर एवढा त्रास झाला नसता. ती मला थोरल्या भावानं दाखवली. त्याला वाचता येत नाही.

आमचं घराणं मेंढपाळांचं. मला शाळेत घातलं, त्याला मेंढरांमागं. दिवाळी झाली की तो वडिलांबरोबर माळशेज उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या तोंडावर परतायचा. निघताना माझं एखादं कॉमिक घोडीवर लादलेल्या बिऱ्हाडात खुपसायचा. इतके महिने त्याला तेच एक पुरायचं. आल्यावर अंगणात बसून, चित्रांवर बोट ठेवत, मला त्याची गोष्ट सांगायचा. खरी गोष्ट मी आधीच वाचलेली असायची. तरी ऐकायचो, कारण त्याची जास्त पटायची.

आठवीत गेलो आणि मला शिंगं फुटली. एका कॉमिकात राजा लढाई हरतो. भाऊ म्हणाला, हरणारच, त्याची घोडी दुसऱ्या पानापासून लंगडतेय, असल्या घोडीवर आम्ही पातेलंसुद्धा लादत नाही. मी पुस्तक ओढून घेतलं आणि ठळक अक्षरांवर बोट आपटलं.

"ऋषीचा शाप व्हता. हितं लिवलंय की. वाचता येत न्हाई, तर सांगतो कशाला?"

अंगणात बसलेले दोघं-तिघं हसले. पुढच्या दिवाळीला त्यानं कॉमिक मागितलं नाही, मी देऊ केलं तेही नेलं नाही, आणि गोष्ट सांगणं कायमचं थांबलं. पुढं एकदा मी ते पान निरखून बघितलं. घोडीचा पुढचा पाय चित्रकारानं खरंच आखडता काढला होता. हे त्याला सांगायला माझी जीभ काही रेटली नाही. लाज वाटत होती.

आता त्याचे गुडघे गेलेत. मेंढरं मुलांच्या हवाली करून तो ओट्यावर बसलेला असतो. दुपारी केंद्र बंद असतं, तेव्हा मी त्याच्याशेजारी टेकतो. मला त्याच्याकडून एक गोष्ट हवी होती, बस. एक मराठी कॉमिक मोबाईलवर वाचून दाखवलं. त्यानं पोथी ऐकल्यासारखं ऐकलं आणि बरं हाय म्हणाला. मग मोबाईलच त्याच्या हातात दिला आणि आता तू सांग म्हटलं. त्यानं तो तसाच परत केला.

"लिवलंय की त्यात. तूच वाच."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

परवा मी मुद्दाम शोधून एक परदेशी कॉमिक उतरवून घेतलं. अक्षरं कुठल्या देशाची तेही मला कळेना. ते त्याच्यापुढं धरलं.

"दादा, हे मलाबी वाचता येत न्हाई," मी म्हणालो. मग इतकी वर्षं अडकलेलं बोललो. "आन् ती घोडी लंगडतच व्हती. मी मागनं बघितलं व्हतं."

त्यानं मोबाईल हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरला. पडद्यावर एकच चौकट होती. सगळं पान दाव म्हणाला, तसं मी ते लहान करून दिलं. बर्फातलं गाव, एका घराच्या दारात बाई, पायरीवर कुत्रं. तो बघत राहिला. केंद्र उघडायची वेळ होऊन गेली, गल्लीतून दुधाच्या किटल्या निघाल्या, तरी मी हललो नाही.

"बाई ह्या घरात नवी हाय," तो शेवटी म्हणाला. "कुत्रं तिला वळखत न्हाई अजून."

मी कुत्र्याकडं बघितलंच नव्हतं.