बद्द आवाजाची थाळी

आमच्या गल्लीत कुणाला माठ घ्यायचा असला की मला बोलावणं येतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात माठाशिवाय गत नाही, आणि चांगल्यांत एखादा चिरलेला खपवल्याशिवाय माठवाल्यालाही चैन पडत नाही. मी माठ डाव्या हातावर तोलते, उजव्या हाताच्या बोटाचं पेर हलकेच मारते आणि कान देते. ठण्ण वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला तर ज्याचा त्याला परत. आईने शिकवलेली ही विद्या, आणि तिच्यात माझी चूक झाल्याचं कुणी दाखवून द्यावं.

असा कान घेऊन मी लग्न होऊन या घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात त्या थाळीशी गाठ पडली.

थाळी म्हणजे जेवायची नव्हे. माझे यजमान दिवसा यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर होते आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. ड्रमच्या वर दांडीला धातूची मोठी चकती बसवलेली असते, जिच्यावर काठी पडली की छन्न होतं, तिला ऑर्केस्ट्रावाले सिंबल म्हणतात. आमच्या घरात ती थाळीच. ती यांना एका म्हाताऱ्या बँडमास्तरांनी दिलेली. मास्तरांकडे ती कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीच्या बँडातून आली होती. त्याआधी ती कुठे होती, कुणी घडवली, कुणालाच ठाऊक नाही. कडेचा चिमटीएवढा तुकडा उडालेला, मधलं भोक दांडीवर घासून घासून लांबट झालेलं, आणि रंग बघाल तर न घासलेल्या चहाच्या पातेल्याचा.

यांनी मोठ्या हौसेनं मला ती वाजवून दाखवली. मी कान दिला आणि सवयीने बोलून गेले, "अहो, ही तर बद्द वाजते. चिरलेली दिसते. परत देऊन या."

नव्या नवऱ्याचा चेहरा एवढा पडू शकतो हे मला तेव्हा कळलं.

"बद्द न्हाय गं," हे म्हणाले. माळशिरसकडचं बोलणं शहरात येऊनही त्यांच्या तोंडून कधी गेलं नाही. "पिकल्याली हाय ती."

थाळी हातात देताना मास्तरांनी त्यांना बजावलं होतं, "नवी थाली कच्ची रहती. ये पकी हुई है. इसको पालीश नक्को मारो." आता आंबा पिकतो, केस पिकतात, गळू पिकतं. आवाज पिकल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. म्हटलं, नवरा भोळा दिसतोय, मास्तरांनी फुटकं भांडं गळ्यात मारलं.

पुढे खंडेनवमी आली. घरातली हत्यारं, अवजारं धुऊनपुसून पुजायचा दिवस. विळी घासली, यांचे पाने-पक्कड पुसले, आणि चिंच-मीठ घेऊन मी थाळीकडे वळले. तेवढ्यात हे अंघोळ अर्धी टाकून ओल्या अंगाने धावत बाहेर आले.

"हात लावू नगंस! त्या मळातच तिचा आवाज हाय!"

"असं होय? मग उद्यापासून पातेलीपण घासायला नकोत," मी म्हटलं. शेवटी थाळी तशीच काळपट पाटावर बसली आणि तिला नुसतं हळदकुंकू लागलं. शेजारणीने विचारलंच, "ही एवढीच घासायची राहिली का?"

पण खरं सांगायचं तर मी तिला बघत गेले. उन्हात तिरकी धरली की अंगभर हातोडीचे बारीक घाव दिसायचे, एकासारखा दुसरा नाही. कुणीतरी ठोकत, वाजवून बघत, पुन्हा ठोकत ती घडवली असणार. असलं काम घाईने होत नाही. गणपतीच्या कार्यक्रमांना मी पुढच्या रांगेत मुलीला मांडीवर घेऊन बसायची. गाणं हळू कडव्यावर आलं की हे काठीचं टोक थाळीवर नुसतं टेकवत जायचे. प्रत्येक ठोका सुटा ऐकू यायचा आणि त्या सगळ्यांच्या तळाशी एक मऊ, रुंद आवाज अंथरलेला असायचा. गाणं वर चढलं की हे कडेवर मारायचे. मग तो आवाज एकदम अंगावर यायचा नाही. तापलेलं दूध काठापर्यंत चढतं तसा चढायचा आणि उतू न जाता खाली बसायचा. दुसऱ्या ड्रमवाल्यांच्या थाळ्या गाण्यावर आदळायच्या. यांची थाळी गाण्याला कधी टोचली नाही. मला ती फार आवडायची.

हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. बायकोने एकदा बद्द म्हटलं की म्हटलं. "तुमची बद्द थाळी" आणि "माझी पिकल्याली थाळी" यावर आमचा संसार छान चालला होता.

हे नव्या थाळ्यांना मात्र मनापासून नावं ठेवायचे. ऑर्केस्ट्रातल्या पोरांनी काही नवीन आणलं की वाजवून बघायचे आणि म्हणायचे, "पत्रा हाय की ह्यो." पोरं ऐकून घ्यायची. थाळीच्या बाबतीत यांचा शब्द शेवटचा, असा सगळीकडे बोलबाला होता. होटगी रोडपासून पार अक्कलकोटपर्यंतचे वाजवणारे नवी थाळी घेण्याआधी यांना ऐकवायला आणायचे. जशी मी माठाला, तसे हे थाळीला.

कारखान्यातून हे निवृत्त झाले तेव्हा मुलीने पुण्याहून नव्या थाळ्या पाठवल्या. चांगल्यातल्या, परदेशी, सोन्यासारख्या लखलखीत. यांनी त्या दांडीला लावल्या आणि मारलं. मी स्वयंपाकघरात होते. फडताळातले पेले शहारले आणि मी दोन्ही हातांनी कान झाकले.

बाहेरून हे म्हणाले, "ह्यात जीवच न्हाय. आवाजच येत न्हाय की वर."

मी कान झाकूनच बाहेर आले. यांनी पुन्हा मारलं, पुन्हा मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. माझे हात अजून कानांवरच होते. ते त्यांनी पाहिले आणि काठी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी मीच कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर म्हणजे मुलीच्या वयाची बाई होती, फार नीट बोलली. कागदावर तिने एक रेघ काढून दाखवली. थोडी सरळ चालून ती रेघ एकदम खाली कोसळली होती. म्हणाली, "काका, खालच्या पट्टीतलं तुम्हाला चांगलं ऐकू येतं. वरच्या पट्टीतले बारीक आवाज मात्र गेलेत. यंत्रमागाचा खडखडाट आणि वर ड्रम, दोन्हीकडून मार बसलाय. हे आजचं नाही, बऱ्याच वर्षांपासून होत आलंय."

"थाळीचा आवाज कुटल्या पट्टीत येतो?" यांनी विचारलं.

"बराचसा वरच्याच," ती म्हणाली.

घरी येईपर्यंत हे रिक्षात बाहेर बघत राहिले. जेवताना एकदम म्हणाले, "म्हंजे मी एवढी वर्सं नव्या थाळ्यांना पत्रा म्हनत आलो, ते मला ऐकूच येत न्हवतं म्हनून? आन् ही जुनी ग्वाड लागली, कारन हिचं तेवढं ऐकू येत हुतं?"

ऐकायचं मशीन आणलं, पण ते लावून ड्रम वाजवले की सगळंच करकरायचं, म्हणून ते फक्त बोलण्यापुरतं राहिलं. यांनी ड्रमवर चादर टाकली. ऑर्केस्ट्राला सांगून टाकलं की आता दुसरा बघा. कुणी थाळी ऐकवायला आणली तर पाठ दुखते म्हणून परत पाठवायला लागले. कान गेल्याचं त्यांना एवढं दुःख नव्हतं. आपला कान कधी खरा होताच का, याने त्यांना आतून पोखरलं होतं. माणसाने आयुष्यभर एका गोष्टीवर जीव लावावा आणि म्हातारपणी कुणी सांगावं की ती तुझ्या कानातली खोट होती! मला त्यांचं तोंड बघवेना.

एका दुपारी त्यांनी आपण होऊन चादर काढली. नव्या थाळ्या लावल्या, शेजारी जुनी लावली. मला म्हणाले, "हिकडं ये. भिताडाकडं तोंड करून बस. मी मारतो, तू कसं वाटतं ते सांग."

"अहो, मी जुनी ओळखणारच की. जन्मभर ऐकतेय."

"वळख की. पर खरं सांग. माठावर सांगतीस तसं. माझी कीव करू नगंस."

मी भिंतीकडे तोंड करून बसले. खोटं बोलणं सोपं होतं, पण आवाजाच्या बाबतीत मी माठवाल्याशी कधी खोटं बोललेले नाही, नवऱ्याशी कशी बोलू? ठरवलं, जे ऐकू येईल ते सांगायचं. नवी चांगली वाटली तर नवी.

यांनी नवी मारली. "ही वाईट नाही," मी म्हटलं. "स्वच्छ आहे, मोकळी आहे. पण सुरुवातीला जे सांगते तेच शेवटपर्यंत सांगते. थोडी टोचतेपण."

दुसरी मारली. "ही पहिलीचीच बहीण."

मग जुनी मारली.

इतकी वर्षं ती मी गाण्यात ऐकली होती, गर्दीत ऐकली होती, कुकरच्या शिट्टीबरोबर ऐकली होती. एकटी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कधी ऐकली नव्हती. आधी काठीचा ठोका आला, लाकडाचा. मग तळातून तो रुंद आवाज चढला, आणि त्याच्या पोटात एक नाही, कितीतरी आवाज होते, एकमेकांत मिसळून हळूहळू जागा बदलणारे. खालचे एकेक करून बसत गेले आणि सगळ्यांच्या वर एक अगदी बारीक, लकाकणारा सूर उरला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. बद्द कसली? माठाचं माप लावलं होतं मी तिला.

सांगायला म्हणून मी वळले, तर हे थाळी थांबवायला हात पुढे करत होते. त्यांच्यापुरता आवाज संपला होता.

"हात लावू नका!" मी ओरडले. "अजून आहे."

त्यांचा हात तसाच हवेत राहिला. "काय हाय?"

"बारीक आहे. वरचा. फार गोड आहे हो."

हे थाळीपाशी वाकले. कान लावला. काही वेळाने माझ्याकडे बघितलं. "अजून?"

"अजून."

"आता?"

"आहे. थरथरतोय. जातोय... गेला."

हे तसेच वाकून उभे होते. मग शर्टाच्या बाहीला डोळे पुसले आणि काठी उचलली.

"परत मारतो," म्हणाले. "सांगत ऱ्हा."