वादळ साताऱ्यापर्यंत आलं

कराडच्या स्टँडवर गाडी सुटेपर्यंत आबा खिडकीखाली उभे होते. जन्मभर एसटीत कंडक्टर, त्यामुळे लेकीला निरोपही नोकरीच्याच भाषेत. "चेन्नई म्हणजे पावणेदोनशे टप्पे. टप्पा सहा किलोमीटरचा. एकेक मोजत जा, म्हणजे भीती वाटत नाही." माझ्या नवऱ्याला, विलासला, चेन्नईजवळ ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. बेळगावपर्यंत मी टप्पे मोजले. मग उलटी झाली आणि मोजणं राहिलं.

तिकडं गावीच राहिलेल्यांना हसू येईल, पण माझ्यासारखे बाहेर पडलेले हसणार नाहीत. परक्या गावात अंतराचा आकडा कानावर पडतो, डोळ्यांपुढं काही येत नाही. इथं कुणालाही विचारा, "पक्कम् दान", जवळच आहे, हेच उत्तर. त्या जवळच्या ठिकाणी चालत जाऊन माझ्या दोन चपला झिजल्या. शेवटी मी चेन्नई आपल्या हायवेवर अंथरली. अड्यारचं आमचं घर म्हणजे कराड. विमानतळ उंब्रजच्या अलीकडं. आवडी नावाचं उपनगर म्हणजे इस्लामपूर. विलासचा कारखाना सातारा. तो रोज साताऱ्याला जाऊन येतो म्हटल्यावर आईचा जीव खाली पडला, माझाही.

वर्षानुवर्षं हे बरोबर चाललं. मग गेल्या कार्तिकात समुद्रात वादळ उठलं. सकाळी टीव्हीवर सांगितलं, किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरच्या वर आहे आणि सायकलच्या वेगानं येतंय. म्हणजे माझ्या हायवेवर अजून पुण्यातच. विलासचा फोन आला, "दुपारी कंपनीची बस सुटतेय. येऊ, का इथंच मुक्काम करू? सोय आहे म्हणतात." मी हिशेब केला. वादळ पुण्यात, हा साताऱ्यात. ते सायकलवर, हा बसमध्ये.

"निघा," म्हटलं. "तुम्हीच आधी पोचता."

दुपारी शेजारच्या पद्मामामी दारात आल्या. तंजावूरकडच्या जुन्या मराठी घरातल्या. पुणं त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. मी त्यांना म्हटलं, वादळ अजून लांब आहे.

"अय्यो, तें मधलें टिंब सांगतात मा," त्या म्हणाल्या. "त्याचा वारा-पाऊस टिंबांत मावतो कीं? बाहेर बघा."

समोरचा नारळ आडवा व्हायला आला होता. मी वादळाला एसटी समजून बसले होते, एका वेळी एकाच थांब्यावर. ते तर पुण्यापासून कराडपर्यंत सगळ्या रस्त्यावर एकदम उभं होतं. विलासला फोन लावला, तर बस सुटलेली.

वाटेत तांबरमपर्यंत बरं होतं. वेळचेरीला बस थांबली. तिथून घर एका टप्प्याच्या आत. "पाणी आहे, उतरून चालत येतो," तो फोनवर म्हणाला.

"किती आहे?"

"गुडघाभर."

थोड्या वेळानं मांडीपर्यंत. मग "कमरेच्या वर" एवढं ऐकू आलं आणि फोन बंद. वीज आधीच कापलेली, आता टॉवरही गेला. पाण्याखालचा रस्ता किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. गटाराचं झाकण वाहून गेलेलं असलं तर एक पाऊल पुरतं. मी बादल्या भरल्या. तांदूळ धुतले, तेच परत धुतले.

अंधार पडला तशा मामी म्हणाल्या, "हाक मारा त्यांना."

"त्यांना ऐकू जाणार आहे का, मामी?"

"सगळीं घरें काळीं दिसतात. अंधारांत त्यांना फाटक कसें कळेल?"

हे मला पटलं. बाल्कनीत जाऊन ओरडले, "अहो!" कराडच्या मंडईत असं ओरडलं तर दहाजण मागं वळतील. या गल्लीत वळणारा एकच. पावसापुढं माझा आवाज खालच्या फाटकापर्यंतही जात नव्हता. घसा बसला तरी ओरडत राहिले, कारण थांबले असते तर त्याला शोधायला खाली पाण्यात उतरले असते.

"आलो गं!" कोपऱ्यावरून उत्तर आलं. "गल्ली गोळा करतेस का? बुडालो नाही अजून!"

एका पायात बूट, डोक्यावर डबा. मी त्याला टॉवेल दिला आणि मोरीत जाऊन पाणी सोडून रडले.

आबांचा फोन लागला तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "घर लांब वाटलं का गं?" कराड आहे तिथंच आहे, पावणेदोनशे टप्प्यांवर. त्यात फरक पडलेला नाही. पण त्या संध्याकाळी मला कराड आठवलंच नव्हतं. बाल्कनीपासून त्या कोपऱ्यापर्यंत, एवढंच घर होतं.

ढग आले की अजून मी फोन घेऊन बसते. आता मी पुणं-सातारा करत नाही. फोनवर त्याला एवढंच विचारते, हाक पोचेल इतक्यावर आलात का? तो हो म्हणेपर्यंत तांदूळ धुवायला घेत नाही.