रिकामे डबे

ओट्यावर माझे पाच डबे ओळीने ठेवले होते आणि दुपारचा कवडसा एकावरून दुसऱ्यावर हळूहळू सरकत होता. शेजारच्या नलूताई नुकत्याच ते घासूनपुसून देऊन गेल्या होत्या. आमच्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत जात नाही, चिमूटभर साखर तरी असतेच. त्या दिवशी पाचही रिकामे.

"आता तुझं काही राहिलं नाही माझ्याकडे," म्हणाल्या, आणि किती शांत हसल्या! महिनाभर हसू विसरलेली बाई.

कवडसा शेवटच्या डब्यावर आला तेव्हा उमगलं, हा तर निरोप! तशीच धावले.

"ताई, जीव द्यावासा वाटतोय का?"

त्या माझा हात घट्ट धरून रडल्या. फोन करून बोलावलेला त्यांचा भाऊ येईपर्यंत मी हात सोडवला नाही.

आता डॉक्टरांकडे आम्ही दोघी जातो. माझा एक डबा कायम त्यांच्याकडे असतो. तो मी परत मागत नाही.