अर्थ सांगणारा अंबादास

राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि माझ्या डोक्यावर अंबादास आहे. म्हणजे वरच्या मजल्यावर त्याचा इंग्रजीचा क्लास आहे. सकाळी सातला पहिली बॅच बसते आणि शेवटची सुटते तेव्हा मी शटर ओढत असतो. एवढ्या वेळात हा माणूस एकच काम करतो. धड्यातली ओळ मोठ्यानं वाचतो आणि तिचा अर्थ सांगतो. सोळा वर्षं झाली. खाली मला सगळं ऐकू येतं. माझं इंग्रजी काही सुधारलं नाही, त्याचा घसा मात्र गेला. गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलंय, सर, बोलणं कमी करा. बोलणं कमी केलं तर सरांनी खायचं काय, हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.

अंबादासनं अजून चाळिशी गाठलेली नाही, पण जिना चढताना निम्म्यावर थांबतो. खिशात कायम ज्येष्ठमधाची कांडी. "दमलास व्हय?" असं विचारलं की म्हणतो, "न्हाय रे, सवय हाय." असल्या माणसांचा मला राग येतो. दमला असशील तर दमलोय म्हण की!

हे वाचणं आणि अर्थ सांगणं त्याच्या घरातलंच. कुरुंदवाडला त्याचे वडील श्रावणात देवळात पोथी वाचायचे. एक ओवी वाचायची, चष्मा कपाळावर सरकवायचा, मग अर्थ सांगायचा. समोर दिवसभर रानात राबून आलेली माणसं. एखादी ओवी अडली तर वडील थांबायचे नाहीत, पदरचे चार शब्द घालून पुढं जायचे. ऐकणाऱ्याची गोष्ट तुटता कामा नये, एवढंच त्यांचं शास्त्र. पोरानं ते शास्त्र बरोबर उचललं, आणि नको तिथं वापरलं.

अकरावीला अंबादास मामाकडं कोल्हापुरात आला. मी, तो आणि पिराजी एका बाकावर. तेव्हा आठव्या गल्लीत विजयसिंह नावाच्या एकानं चार कॉम्प्युटर मांडून कॅफे काढला होता. बाकीची पोरं गाड्या पळवायची नाहीतर बंदुका झाडायची. आमच्या वाट्याला कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर यायचा आणि त्यावर एकच गेम चालायचा. नाव इंग्रजीत लांबलचक होतं. आम्ही त्याला 'बापाचा गेम' म्हणायचो. एक लोहार घर सोडून जातो आणि त्याचा पोरगा त्याला हुडकत देशोदेशी फिरतो. गावात शिरायचं, भेटेल त्या माणसाशी बोलायचं, मधूनच एखाद्या राक्षसाशी लढायचं. माणसं बोलायची म्हणजे पडद्याच्या खालच्या पट्टीत इंग्रजी ओळी उमटायच्या. त्या कळल्या नाहीत तर पुढचा रस्ता सापडायचा नाही.

मग अंबादास वाचायला बसला. पिराजी कीबोर्डवर, मी मागं उभा, अंबादास मध्ये. ओळ वाचायची, अर्थ सांगायचा. आमच्या गेममधल्या गावाला पाटील होता. राक्षसांच्या सेनापतीला वस्ताद म्हणायचे. खानावळवाला सांगायचा, "पावणं, पांढरा रस्सा संपला, तांबड्यावर भागवा." मला कधी शंका आली नाही. परदेशातल्या खानावळीत पांढरा रस्सा कुठनं आला, हे विचारायची अक्कल मला बावीस वर्षांनी आली.

आता पिराजीचं सांगतो. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, गुळाचा ट्रक घेऊन कर्नाटकात गेले आणि आले नाहीत. आठ दिवसांनी हुबळीच्या अलीकडं ट्रक सापडला. गुळाच्या ढेपा जशाच्या तशा, ताडपत्री बांधलेली, चावी गाडीला. माणूस नाही. पोलीस झाले, ज्योतिषी झाले. पिराजी त्यावर एक शब्द बोलायचा नाही. कॉलेज सुटलं की कॅफेत येऊन बसायचा आणि लोहाराच्या पोराला चालवत राहायचा.

शेवट आला तो दिवस मला आठवतो. डोंगरातली गुहा. आत दाढीवाली एक आकृती. जुना गेम तो, आकृती म्हणजे अंगठ्याएवढे चार रंगीत चौकोन. खाली ओळी उमटल्या. अंबादासनं त्या मनात वाचल्या. पिराजी मागं वळला. "काय म्हणतोय?"

अंबादास जरा वेळानं म्हणाला, "बाप हाय त्यो. म्हणतोय, आलास व्हय? लई उशीर केलास लेकरा. चल, घरला जाऊ."

पिराजी रडला नाही. त्यानं कीबोर्ड पुढं सारला आणि आम्हा दोघांना भेळ चारली. तात्या आजतागायत आले नाहीत. घरच्यांनी बारा वर्षांनी दर्भाचा पुतळा करून अंत्यविधी उरकून घ्यायचं ठरवलं, तेव्हा पिराजीनं भटजींना दारातनं परत पाठवलं. रेशनकार्डावर तात्यांचं नाव पहिल्या ओळीत तसंच राहिलं.

गेल्या दिवाळीच्या आसपास तो गेम नवा करून बाजारात आला. हल्ली असं करतात, जुनंच नव्यानं रंगवून विकतात. पिराजीचं उद्यमनगरात लेथचं दुकान आहे. पोराच्या अभ्यासाला घेतलेल्या कॉम्प्युटरवर त्यानं तो गेम घेतला आणि रोज कामावरनं आला की बसायला लागला. आता सगळं खरंखुरं दिसतं, दाढीतला केस न केस दिसतो, माणसं तोंडानं बोलतात आणि खाली हिंदी अक्षरं येतात. पहिल्यांदाच त्याला वाचणाऱ्याची गरज लागली नाही. महिन्याभरानं तो गुहेत पोचला. दाढीवाला कुणी एक साधू होता. त्याच्या मागं हाडं पडली होती. साधूनं बापाची अंगठी पोराच्या हातात ठेवली.

पिराजीचं डोकं फिरलं. जिथं गेम विकतात तिथं खाली खेळणाऱ्यांनी आपापली मतं लिहायची सोय असते. लोकांची भांडणं तिथं आधीच लागली होती. कुणी म्हणत होतं चित्रं झकास पण जीव गेला, कुणाला जुनं संगीत हवं होतं, कुणाला लढाई संथ वाटत होती. पिराजीनं अंगठा खाली दाखवला आणि चक्क मराठीत लिहिलं. "कंपनीनं गेमची वाट लावली. शेवटाला बाप जिता भेटतो हे आमी सोता बघितलंय. त्याला मारून काय मिळालं? ज्यानं जुना खेळलाय त्यानं सांगावं."

ज्यांनी जुना खेळला होता त्यांनी सांगितलं. जगभरातल्यांनी. मशीननं भाषांतर करून त्यांनी ते वाचलं आणि हसून हसून बेजार झाले. हा कुठला गेम खेळला, काय पिऊन खेळला. एकानं जुन्या पडद्याचा फोटो टाकला. पिराजीनं उत्तर दिलं, फोटो खोटा हाय. तीन आठवडे तो एकटा सगळ्या जगाशी भांडत होता. लेथवर काम चालू ठेवून मोबाईल बघायचा. त्या नादात एका गिऱ्हाईकाचे शाफ्ट मापापेक्षा बारीक कातून ठेवले.

शेवटी तो अंबादासकडं आला. दुपारची वेळ, दोन बॅचेसच्या मधली. मीही वर होतो. पिराजी दारातनंच म्हणाला, "आंबादास, तू दोन ओळी लिही इंग्लिशमदी. वाचणारा तूच हुतास. तू सांगितलास की गप बसतील समदी."

अंबादास गरम पाण्याचा ग्लास धरून बसला होता. म्हणाला, "बघतो."

"बघतो काय? हितं माझी अब्रू चाललीया."

"बघतो म्हटलं की."

पिराजी गेला. अंबादासनं आठ दिवस बघितलं. कोल्हापुरात 'बघतो' म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे. नवव्या दिवशी तो खाली माझ्या दुकानात आला, गिऱ्हाईक नाही असं बघून स्टुलावर बसला आणि म्हणाला, "बाप मेलावताच. पहिल्यापासनं."

मला आधी कळेना. कळलं तेव्हा असा संताप आला की हातातलं कागदांचं बंडल खाली आपटलं. "म्हंजे मलाबी खोटं सांगितलंस? मी माझ्या पोरास्नी ती गोष्ट सांगितलीया!"

"डिक्शनरीत शब्द मिळायचे न्हाईत तवा मनानं घालायचो," तो म्हणाला. "मग तुम्हाला माझंच जास्त आवडाय लागलं. आणि शेवटाला... पिराजी माझ्याकडं बघत हुता रे. सतरा वर्साचा हुतो मी. माझ्यानं न्हाय वाचवलं ते."

मी म्हटलं, "मग आता लिहून टाक की खोटंच. एवढं केलंस, आणि दोन ओळी."

"त्यो आणखी भांडत बसंल." मग तो जे बोलला ते मी इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "दमलोय विशा. त्यानं भटजी परत पाठवला तवापासनं झोप उडालीय माझी. गेममुळं न्हाय, हे मला कळतंय. पण एक ओळ तर माझी हाय न्हवं त्यात."

माझा राग तिथंच संपला. मी शटर निम्मं ओढलं, गाडी काढली आणि त्याला मागं बसवून पिराजीचं घर गाठलं. रविवार सकाळ होती. पिराजी घरीच होता, बनियनवर, कॉम्प्युटरसमोर. पडद्यावर तीच गुहा. अंबादास बसलासुद्धा नाही.

"पिराजी, मी खोटं सांगितलंवतं. कंपनीनं काय बदललं न्हाय."

पिराजीनं माऊसवरचा हात काढला नाही. लेथवरचा माणूस, माप विचारल्यासारखं विचारलं, "कुठनं कुठवर खोटं?"

"निम्मा गेम. शेवट सगळा."

"का?"

"तू बसलावतास."

आतनं कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं आता हा उठतो आणि अंबादासची गचांडी धरतो. त्यानं पायानं एक खुर्ची पुढं ढकलली. "बस. आता खरं काय लिवलंय ते वाच."

"हिंदीत हाय की खाली."

"हिंदीत मी वाचलंय. तू वाच."

अंबादास बसला. इंग्रजी ओळ वाचली, चष्मा कपाळावर सरकवला, अर्थ सांगितला. आवाज फाटत होता. "साधू म्हणतोय, तुझा बाप हितवर आला. माझ्यापाशीच ऱ्हायला, शेवटपातूर." पुढची ओळ. "तुझं नाव घ्यायचा." पुढची. "मला सांगून गेला, पोरगं हुडकत आलं तर त्याला म्हणावं, आता हुडकू नको. अंधार पडायच्या आत घरला जा." शेवटचे शब्द नुसते ओठांनीच आले.

पिराजीचे डोळे भरले होते आणि त्यानं ते पुसले नाहीत. "तवाच हे वाचलं असतंस," तो म्हणाला, "तर मी तुला तितंच हाणला असता."

"आणि आता?"

"आता मीबी दमलोय की लेका." त्यानं आत हाक मारली, "तीन च्या टाका गं."

त्या दिवसानंतर अंबादासचा घसा पुरताच बसला. डॉक्टरांनी आठवडाभर एक शब्दही बोलायचा नाही म्हणून तंबी दिली. तरी हा क्लास बंद ठेवायला तयार नाही, फळ्यावर लिहून शिकवायला लागला. चार दिवसांनी पिराजी माझ्या दुकानात रेशनकार्ड घेऊन आला. दोन झेरॉक्स काढ म्हणाला. नाव कमी करायला आणखी काय काय कागद लागतात, तेही विचारून घेतलं. जाता जाता म्हणाला, "नवं लिवलंय तितं. आंबादासला दाव."

मी मोबाईल घेऊन वर गेलो. अंबादासला सांगितलं, त्यानं खुणेनंच म्हटलं, वाच. त्याच्याच खुर्चीत बसलो आणि वाचलं. पिराजीनं अंगठा वर केला होता.

"माझंच चुकलं. गेम जुना हुता तसाच हाय. बाप पहिल्यापासनंच मेलेला. पण जुन्या गेमला आमच्यात अंबादास वाचायला हुता, म्हणून त्यो आमच्यापुरता बावीस वर्सं जिता ऱ्हायला. नव्यात अंबादास न्हाय. बाकी गेम चांगला हाय, खेळा."

अंबादास खिडकीतनं खाली बघत होता. मी म्हटलं, थांब, त्याच्या मताखाली कुणीतरी काहीतरी विचारलंय. कुठल्या देशातला माणूस होता कोण जाणे, मशीननं मराठी करून लिहिलं होतं. हसण्याची चिन्हं नव्हती, टिंगल नव्हती. एकच ओळ होती.

"कृपया सांगा, अंबादास असलेला गेम कुठे मिळेल?"

अंबादासनं माझ्या हातातला मोबाईल घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली. मग परत वाचली. चष्मा काढला. रडत होता, हसत होता, आवाज मात्र कशाचाच नव्हता. जिन्यात चपला वाजायला लागल्या, पुढची बॅच आली होती. त्यानं तोंड पुसलं, खडू उचलला आणि फळ्याकडं वळला.