गुरुजींना आमच्या सर्व्हरचा निरोप

आमच्या सर्व्हरला मालक नाही, असं आमचे सदस्य येताजाता सांगायचे. यंत्र तुळजापुरातल्या एका लॉजच्या जिन्याखाली, पासवर्ड लॉजवाल्याच्या खिशात, पण मालक कुणीच न्हाय. लोकांनी लिहायचे, गप्पा मारायचे असे छोटे सर्व्हर जगभर आहेत. एकावर लिहिलेलं दुसऱ्यावर दिसतं आणि वर बडी कंपनी बसलेली नसते. कल्पना लई चांगली. ती आमच्या हाती पडली, हे तिचं दुर्दैव. मी तिथं देखरेखीला होतो, म्हणजे शिव्या पुसायचं काम माझ्याकडं.

दिवसभर चर्चा काय, तर कंपन्यांनी आपल्याला गुलाम कसं केलं आणि खरं स्वातंत्र्य कंपनीविना चालणाऱ्या कुठल्या लिनक्समध्ये आहे. लिहिणारे सगळे चौकात बॅनर लावण्यात हयात गेलेले. साधं 'अभिनंदन' म्हणायचं तरी ते फुलांच्या चौकटीत घालून, चित्र करून टाकायचे. दोन शब्द टाईप करायला यांची बोटं झिजत होती.

अणदूरचे एक निवृत्त गुरुजी आमच्याकडं होते. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेलेले. लिहिलेलं काहीही मोबाईल त्यांना वाचून दाखवायचा, पण चित्र आलं की नुसतं 'चित्र' एवढंच बोलायचा. कोल्हापूरकडच्या एका सर्व्हरवर मात्र प्रत्येक चित्राखाली त्यात काय आहे ते लिहायची पद्धत होती. गुरुजींचा सगळा दिवस त्या मंडळींत जायचा. तिकडच्या एका बाईंनी दारातल्या जास्वंदीचं वर्णन लिहिलं, तर गुरुजी फोन करून ते मला पुन्हा सांगायचे.

त्या कोल्हापूरवाल्यांनी एकदा आम्हाला सुचवलं, की तुम्हीही चित्राखाली दोन ओळी लिहीत जा, अंध वाचकांची सोय होईल. झालं, आमच्या शूरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आम्हाला अक्कल शिकवणारे हे कोण? कुणीतरी लिहिलं की ही सेन्सॉरशिप आहे. बाकीच्यांना तो शब्द फार आवडला. मग तो सर्व्हर तोडायचाच, म्हणजे तिकडचं इकडं काही दिसू द्यायचं नाही, म्हणून मतदान ठेवलं. मी विरोधात लिहून तोंडाची वाफ दवडली.

गुरुजींनीही लिहिलं, "माझी सगळी माणसं तिकडं आहेत. तोडलंत तर ती मला इथून परत जोडता यायची नाहीत."

उत्तर आलं, "गुरुजी, तुमच्याविषयी आदर आहे, पण प्रश्न तत्त्वाचा आहे."

लाज वाटत नव्हती एकालाही. मतं तोडायच्या बाजूनं पडली, लॉजवाल्यानं बटण दाबलं आणि गुरुजींच्या मोबाईलवर दिवसभर कुणीच बोलेना. मी त्याला फोन करून झाडलं, तर म्हणतो, लोकशाही आहे, माझ्या हातात काय?

आठवडाभर वाट बघून गुरुजींनी कोल्हापूरच्या सर्व्हरवर जायचं ठरवलं. तिथं नवं खातं उघडून एकेक माणूस पुन्हा शोधून जोडायचा होता, आणि तेही या वयात. जाताना कुणाला नावं ठेवली नाहीत. सर्वांचे आभार मानणाऱ्या चार ओळी लिहिल्या.

त्याबरोबर आमच्या लोकांना प्रेमाचं भरतं आलं. धडाधड पोस्टी पडायला लागल्या. मी त्या बघतच राहिलो. तेवढ्यात गुरुजींचा फोन आला.

"काय टाकलंय हो सगळ्यांनी? मला नुसतं चित्र, चित्र, चित्र ऐकू येतंय."

"निरोपाचे बॅनर आहेत, गुरुजी. गुलाबाची फुलं आहेत. मधी तुमचा फोटो लावलाय."

"आणि लिहिलंय काय?"

"आमच्यातून जाऊ नका, गुरुजी."

"सगळ्यांनी तेच?"

"सगळ्यांनी."

मग ते म्हणाले, "एवढंच खाली टाईप केलं असतं, तर मी कशाला गेलो असतो?"