हरकतीवरचा पहिला अंगठा

आता माझ्या शहाणपणाचा किस्सा माझ्याच तोंडून ऐका. फक्त मधे हसू नका, अजून दुखतं.

कुंभकोणात, मेलकावेरीला आमची गल्ली. दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीनं मागं सरायचं! घरावर मजला चढवायला आजवर मनाईच. यंदा महापालिकेनं नवा आराखडा काढला: अरुंद गल्ल्यांतही दोन मजले चढवा, गावातच जास्त घरं होऊ देत, बाहेरची भातशेती तरी वाचेल. हरकत असेल तर लेखी द्या.

हरकत? आणि मी गप्प बसेन? आम्ही घरात मराठी, बाहेर तमिळ. पण माझं तमिळ असं की गल्लीतले तमिळ लोकही अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतात. पाणी पुरणार नाही, गटारं तुंबतील, गच्चीवर वाळणाऱ्या वडामांना, म्हणजे तांदळाच्या पापड्यांना, ऊन मिळणार नाही... तीन पानं खरडली! दारोदार फिरून सह्या घेतल्या. सुनावणीत उभं राहून वाचलं. टाळ्या पडल्या हो!

घरी आलो तर धाकटा भाऊ रामू आईच्या खाटेपाशी. तो पापनाशमला भाड्यानं राहतो. हातात नकाशा, आमच्याच घरावरच्या मजल्याचा.

"आराखडा मंजूर झाला की वर बांधून इथंच येणार होतो, अण्णा. मागच्या बाकावर बसून तुझं भाषण ऐकलं."

आई दोन वर्षं अंथरुणावर. दोन्ही लेक एका घरात बघायचे, एवढंच तिचं मागणं. रागावलीसुद्धा नाही.

"वडामांस ऊन पाहिजे, खरं रे," म्हणाली. "मला रामू पाहिजे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या दिवशी हरकत मागे घ्यायला कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "एकट्यानं कशी मागे घ्याल? सह्या केलेल्या सगळ्यांनी लिहून द्यायला हवं."

पुन्हा दारोदार! समोरचे नटराजन म्हणाले, "गटारं तुंबतील, तुम्हीच म्हणालात ना?"

"गटारं रुंद करून मागू की!"

"आणि वडाम?"

"अहो, रामू यायचाय!"

त्यांनी कागद हातात घेतला. "माझी मुलगीपण तिरुवलंचुळीला भाड्यानं राहते," म्हणाले, आणि सही केली. मग एकेक करत सगळ्यांनीच केली.

राहिलं फक्त हरकतीवरचं पहिलं नाव. आईचं. तिचा हात थरथरतो, म्हणून 'गल्लीच्या भल्याचं आहे' एवढंच सांगून मीच तिचा अंगठा उमटवून घेतला होता.

खाटेपाशी बसलो, शाईचा पॅड पुढे केला. आईनं हात पदराखाली ओढून घेतला.

"आधी वाचून दाखीव," म्हणाली.