पाय तेच आहेत

मला नोकरी लागली ती शारजातल्या एका मलबारी चाचांमुळे. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही. नवा खेळाडू आला की ते वेलची चघळत त्याचे घोटे अंगठ्याने दाबून बघायचे. त्यांच्या गॅरेजच्या फुटबॉल टीमला मी शब्द दिला होता. पण दुसऱ्या कंपनीने खेळाच्या जोरावर पक्की नोकरी देऊ केली, तसा मी तिकडे वळलो. तिथल्या मॅनेजरने माझ्यादेखत चाचांनाच फोन लावला, "लड़का कैसा है?"

चाचा नाही म्हणाले तर संपलंच. आठवीत शाळा सोडलेल्याला दुसरं कोण विचारणार?

स्पीकरवर चाचा हसले. "हमको छोड़के गया, बदमाश! पर टीम बदला है, पैर नहीं बदला. ले लो."

हायसं वाटलं. कधी त्यांच्या टीमला माणूस कमी पडला तर सुट्टी टाकून जाईन, इन्शाल्ला.